फोटो, नग एक, जेवणारा

रघुवीर टिपणीस या निर्मात्याचे वडील त्याच्याच मालिकेत अकरा वर्षं फोटो म्हणून कामाला होते. दिवाणखान्याच्या मुख्य भिंतीवर, घड्याळाच्या डावीकडे, चंदनाचा हार घालून ते टांगलेले असत. मालिकेचं नाव ‘तीन सुनांचं घर’, आणि फोटो त्या घरातल्या दिवंगत सासऱ्यांचा, म्हणजे तात्यासाहेब सरदेशमुखांचा. चौकट दोन फूट बाय दीड फुटाची होती. वडील, म्हणजे अप्पा, मुळातच अंगाने किरकोळ, त्यामुळे मावण्याचा प्रश्न कधी आला नाही.

हे काही ठरवून झालेलं नव्हतं. रघुवीरच्या कारकिर्दीत ठरवून असं फारसं काही झालंच नाही. प्रायोगिक नाटकवाल्यांना तालमीला हॉल मिळवून देण्यापासून त्याने सुरुवात केली. मग तेरा भागांची एक मालिका केली, मग दोन चित्रपट, त्यातल्या एकाला बक्षीस मिळालं आणि तो एक आठवडा चालला. या सगळ्यात त्याचं नाव झालं ते एकाच गुणामुळे. काम अडलं की टिपणीस हाताशी असेल ते लावून वेळ मारून नेतो, असं सगळे म्हणत. घोडा आला नाही तर त्याने टांगेवाल्याला पायी आणलं होतं. नटी रुसली तर तिच्या बहिणीला पाठमोरी बसवून लग्न लावलं होतं. या गोष्टी तो जेवणाच्या टेबलावर रंगवून सांगायचा आणि लोक हसायचे.

‘तीन सुनांचं घर’चा मुहूर्त होता सकाळी दहा चाळीसचा. घोडबंदर रोडवरच्या एका बंद पडलेल्या बिस्किटाच्या कारखान्यात सेट लावला होता. प्रॉपर्टी सांभाळणाऱ्या कोंडाळकरने चौकट आणली, काच आणली, हार आणला. फक्त फोटो आणला नाही. तात्यासाहेबांना नमस्कार करून थोरला मुलगा घराच्या किल्ल्या थोरल्या सुनेच्या हाती देतो, असा पहिलाच शॉट. दहा पस्तीस झाले होते. नेमके त्याच वेळी अप्पा पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभे होते. वजनमापे खात्यातून निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती आणि मुलाच्या कामाची जागा त्यांनी कधी पाहिली नव्हती.

“अप्पा, जरा चौकटीत उभे राहता का?” रघुवीर म्हणाला. “दोनच शॉट आहेत.”

“चष्मा काढू का?”

“राहू दे. शोभतोय.”

अप्पांनी पेढे कोंडाळकरच्या हातात दिले आणि ते आत गेले.

दोन शॉट झाले आणि भाग प्रसारित झाला. एकदा प्रसारित झालेला मृत माणूस बदलता येत नाही, एवढं या धंद्यात सगळ्यांना कळतं. दुसऱ्या दिवशी अप्पा पुन्हा लागले, तिसऱ्याही दिवशी. पहिल्या महिन्यात ते रोज संध्याकाळी घरी जात. पण परत टांगताना चौकट कधी बोटभर वर जायची, कधी तिरकी व्हायची, आणि भाग जोडताना ती उडी दिसायची. मग त्यांनी तिथेच राहिलेलं बरं, असं ठरलं. हे कोणी ठरवलं ते कोणाला सांगता येत नाही. रघुवीरलाही सांगता येत नव्हतं, आणि पुढे पुढे तो त्या प्रश्नाच्या जवळपास फिरकेनासा झाला.

सहा महिन्यांनी कलाकारांच्या संघटनेचे एक गृहस्थ तपासणीला आले. त्यांनी भिंतीसमोर उभं राहून अप्पांकडे बराच वेळ पाहिलं.

“यांना संवाद आहेत?”

“नाहीत,” रघुवीर म्हणाला.

“हालचाल?”

“शक्यतो नाही.”

“मग हे कलाकार नाहीत. प्रॉपर्टीत घ्या.”

कोंडाळकरची हरकत होती. प्रॉपर्टीतली कुठलीही वस्तू दुपारी जेवत नाही, आणि हे तर एक वाजता चौकट उतरवून, मागच्या खिट्ट्या उघडून, व्यवस्थित मांडी घालून जेवतात. शेवटी तोडगा निघाला. रजिस्टरात समई, झोपाळा आणि अडकित्ता यांच्या खाली नोंद झाली: ‘फोटो, नग एक, जेवणारा.’ गृहस्थांनी सही केली आणि ते निघून गेले.

डबा घरून यायचा. आई रोज वालाचं बिरडं नाहीतर खिमा, असं अप्पांच्या आवडीचं काहीतरी करून प्रॉडक्शनच्या गाडीतून पाठवायची. संध्याकाळी साडेसातला ती टीव्हीपुढे बसायची. तिपाईवर अप्पांचा चहाचा कप भरून ठेवायची. भाग संपला की तो चहा मोरीत ओतायची, कप विसळायची आणि कट्ट्यावर पालथा ठेवायची. रघुवीरने तिला एकदा विचारलं होतं की रोज चहा फुकट का घालवतेस. ती म्हणाली, “फुकट कुठे? समोर असतात की ते.” नवऱ्याला घरी कधी आणणार, हे तिने मुलाला एकदाच विचारलं होतं. तो म्हणाला होता, लग्नाचं प्रकरण संपू दे. मालिकेत लग्नाचं प्रकरण चौदा महिने चाललं आणि त्याला लागून डोहाळजेवण आलं.

आता या गोष्टीतला जो भाग रघुवीर कोणाला सांगत नाही, तो सांगायला हवा.

सहा वर्षांपूर्वी, एका मंगळवारी सकाळी साडेनऊला, आई स्वयंपाकघरात बसल्या जागी गेली. रघुवीर तासाभरात घरी जाऊन परत सेटवर आला. अप्पा भिंतीवर होते आणि दिवे लागले होते. बाविसाव्या वर्षापासून माणसांना हव्या त्या गोष्टीला तयार करणाऱ्या या माणसाला वडिलांसमोर जाऊन दोन वाक्यं बोलता येईनात. तो भिंतीपर्यंत गेला आणि घड्याळात वेळ बघून मागे फिरला. मग त्याला सुचलं. मालिकेतल्या आईचं काम करणाऱ्या बाईंना दुसरीकडे भूमिका मिळाली होती आणि त्या सुटका मागत होत्या. रघुवीरने लेखकाला बाजूला घेतलं, चार ओळी सांगितल्या आणि थोरल्या मुलाचं काम करणाऱ्या निरंजन खरेच्या हातात कागद दिला.

निरंजन भला नट. त्याला काही ठाऊक नव्हतं. तो रोजच्यासारखा फोटोपुढे उभा राहिला आणि म्हणाला, “बाबा, आई गेली. सकाळी साडेनऊला. त्रास झाला नाही. तुमचा कप विसळून पालथा ठेवला होता तिने.”

काचेआड अप्पांनी काहीच हालचाल केली नाही. फक्त एक थेंब चष्म्याखालून निघाला आणि हनुवटीपर्यंत आला. कॅमेरा निरंजनवर असायला हवा होता, पण कॅमेरामन हुशार. त्याने फोटो धरला. फोटोच्या डोळ्यांत पाणी आलेलं सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं आणि त्या आठवड्यात मालिका पहिली आली. केक कापला गेला. अप्पांना त्या मंगळवारी संध्याकाळी दोन तासांसाठी उतरवून अंत्यविधीला नेलं होतं. केक कापला तेव्हा ते जागेवरच होते.

तो शॉट रघुवीरने नंतर ठेवून दिला असता तर एक वेळ निभावलं असतं. त्याने तो वापरला. पाडव्याला वापरला, पितृपक्षात वापरला, दोन हजाराव्या भागाला मंद करून वापरला, दर वेळी मागे सनई लावून. प्रत्येक वेळी चांगला आकडा आला आणि प्रत्येक वेळी तो संपादनाच्या खोलीतून उठून बाहेर गेला. वडिलांसमोर उभं राहणं त्याने त्यानंतर बंदच केलं. त्याची खुर्ची सेटवर भिंतीकडे पाठ करून, मॉनिटरकडे तोंड करून ठेवलेली असायची. लाज वाटली की माणूस समोरचं टाळतो. रघुवीरने सहा वर्षं फक्त दिशा सांभाळली.

यंदा चैत्रात वाहिनीच्या शलाका मॅडमनी त्याला बोलावून घेतलं. टेबलावर प्रेक्षकांच्या पत्रांचा गठ्ठा होता.

“सर, तात्यासाहेब म्हातारे होत आहेत,” त्या म्हणाल्या.

रघुवीरने गठ्ठ्यातलं वरचं पत्र उचललं.

“मालिका सुरू झाली तेव्हा ते साठीचे होते. आता एकाहत्तरचे दिसतात. मेलेल्या माणसाचं वय वाढत नाही, असं साताऱ्याच्या एका बाईंनी लिहिलंय. मध्यंतरी आठवडाभर त्यांनी काळा चष्मा लावला होता.”

“मोतीबिंदू होता.”

“ते आम्हाला मान्य आहे. पण प्रेक्षकांनी काय समजायचं? शिवाय सोमवारच्या भागात फोटो पेंगत होता. उत्तर प्रसारित भागातूनच द्यायचं आहे, सर. पंधरवड्यात तात्यासाहेब साठीचे व्हायला हवेत.”

पहिल्या वर्षीच्या भागातून अप्पांचं चित्र काढून, कागदावर छापून लावून पाहिलं. दोन भाग गेले. पत्रं दुप्पट आली. हा नुसता फोटो वाटतो, असं बहुतेकांचं म्हणणं होतं. मालिकेत जीव राहिला नाही, असंही एकाने लिहिलं होतं. शलाका मॅडमनी कागद परत पाठवला आणि शेरा मारला की चेहरा तोच हवा, वय साठ हवं, आणि आत माणूस हवा.

रघुवीरने निरंजनला गाठलं. निरंजन मेकअपच्या खोलीत भाकरी खात होता.

“तू रोज त्यांच्याशी बोलतोस,” रघुवीर म्हणाला. “तुझं ऐकतील. उद्याच्या सीनमध्ये दोन ओळी घालू. ‘बाबा, आता तुम्ही विश्रांती घ्या.’ पुढचं कोंडाळकर बघेल.”

निरंजनने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

“दादा, तेव्हा मला ठाऊक नव्हतं. मी शॉट देऊन बाहेर आलो आणि तुमच्या ड्रायव्हरने सांगितलं. त्या दिवशी त्यांच्या घरातलं माणूस गेल्याचं मी त्यांना सांगितलं, मी, कोणी एक परका माणूस, अंगाला सेंट लावून. आता ठाऊक आहे. मी नाही बोलणार.”

“काम अडेल.”

“अडू दे की एक दिवस,” निरंजन म्हणाला आणि जेवायला लागला.

रघुवीर सेटवर गेला. जेवणाची सुट्टी होती. दिवे बंद होते आणि दिवाणखान्यात कोणी नव्हतं. कोंडाळकर चौकट उतरवायला शिडी लावत होता. त्याला बाहेर पाठवून रघुवीर भिंतीसमोर उभा राहिला. सहा वर्षांत त्याने अप्पांना एवढ्या जवळून पाहिलं नव्हतं. केस जवळजवळ गेले होते. हाराचं चंदन गळ्यापाशी घासून पांढरं पडलं होतं. चष्म्याच्या एका काडीला दोरा बांधला होता, आणि तो कोणी बांधून दिला हेही त्याला ठाऊक नव्हतं.

“अप्पा,” तो म्हणाला, आणि पुढे काही सुचेना. आयुष्यभर दुसऱ्यांकडून लिहून घेतल्याचा हा परिणाम असावा. “अप्पा, तुम्हाला उतरवायचंय. कायमचं.”

“ठाऊक आहे,” अप्पा म्हणाले. काचेमुळे आवाज जरा खोलवरून आल्यासारखा येत होता. “काचेतून सगळं ऐकू येतं. तो कागद लावला तेव्हाच समजलो. दोन दिवस मला बाथरूमच्या सेटमागे ठेवलं होतं.”

“मी सांगायला हवं होतं.”

“हो.”

“आई गेली तेही मीच सांगायला हवं होतं.”

अप्पांनी चष्मा नीट केला. त्यांना आत हात हलवायला जागा कमीच होती.

“ते तूच सांगितलंस,” ते म्हणाले. “ते कपाचं त्या लेखकाला कुठून कळणार? तो शब्द ऐकला आणि म्हटलं, हा रघू बोलतोय. माझ्याशी बोलायला तुला एक माणूस मध्ये लागला, एवढंच. असतात काही मुलं तशी.”

रघुवीरला वाटलं, त्यांनी रागावायला हवं होतं. रागावले असते तर त्याला मान खाली घालून उभं राहता आलं असतं. आता मान कुठे ठेवायची तेच कळेना.

“पण तो शॉट पुन्हा पुन्हा दाखवलास,” अप्पा म्हणाले. “ते नको होतं. इथून पडदा दिसत नाही. पण शेजारी संपादनाच्या खोलीत ती सनई लागली की मला कळायचं. तुझी आई दर वेळी नव्याने जायची रे.”

रघुवीर हातातली कागदाची सुरळी उलगडत आणि गुंडाळत राहिला. चूक झाली, असं तो म्हणाला. आपल्या आवाजात हे वाक्य कसं ऐकू येतं ते त्याने पहिल्यांदाच ऐकलं. त्याला स्वतःची फार लाज वाटली, आणि ती कुठे नेऊन ठेवावी असं एकही ठिकाण त्या दिवाणखान्यात नव्हतं. तीन सुनांचं घर असूनही.

“बरं, माझ्या जागी कोण?” अप्पांनी विचारलं.

“ठरलं नाही. चेहरा तोच हवा म्हणतात. साठीचा.”

“तुझं वय काय आता?”

“अठ्ठेचाळीस.”

“दिसतोस साठीचा,” अप्पा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. वजनमापे खात्यात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाचा तो नुसता अंदाज होता.

हाक मारल्यावर कोंडाळकर आत आला, त्याने चौकट उतरवली, खिट्ट्या उघडल्या. अप्पा बाहेर आले आणि सोफ्याच्या पाठीला धरून थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी हार काढला, शर्टाच्या बाहीने पुसला आणि रघुवीरच्या गळ्यात घातला. तो घालताना त्यांना टाचा उंचवाव्या लागल्या. रघुवीरने चपला काढल्या आणि तो आत गेला. त्याच्या अंगाने चौकट जरा दाटली, पण कोंडाळकरने खिट्ट्या बसवल्या.

कानशिलावर दोन रेघा पांढऱ्या केल्या आणि शलाका मॅडमना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर पाच मिनिटांत आलं: ‘मंजूर. असाच ठेवावा.’ रजिस्टरात नवीन नोंद करायची गरज पडली नाही. नग एकच होता आणि जेवणारा होता.

भिंतीवर चढल्यावर रघुवीरला कळलं की इथून काय दिसतं. सोफा दिसत नाही, तो फार खाली येतो. दार अर्धंच दिसतं. समोर, कॅमेऱ्याच्या उजव्या अंगाला, नीट दिसते ती एकच वस्तू, निर्मात्याची खुर्ची. तिची पाठ. अकरा वर्षं अप्पांनी एवढंच पाहिलं असणार: खुर्चीच्या कापडावरचं ‘र. टिपणीस’, आणि त्याच्या वर एक मान, जी कधी वळली नाही. शेवटच्या सहा वर्षांत तर ती ठरवून वळली नव्हती. लाजेने तोंड लपवावं म्हटलं तरी हात वर येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी अप्पा साडेनऊला आले. हातात डबा होता. घरी बाईकडून बिरडं सोलून घेऊन त्यांनी स्वतः केलं होतं, जरा खारट झालंय म्हणाले. निर्माता भिंतीवर असल्याने खुर्ची रिकामी होती आणि उद्याचं वेळापत्रक, जेवणाची माणसं, सही, असं सगळं तिच्यापाशी येऊन थांबलं होतं. अप्पांनी इकडेतिकडे पाहिलं, खुर्चीची पाठ धरली आणि तिला अर्धी फिरवून भिंतीकडे तोंड करून ठेवलं. मग ते बसले.

“अप्पा, मॉनिटर मागे राहिला,” कोंडाळकर म्हणाला.

“असू दे.”

“मग शॉट कसा बघणार?”

“शॉट बघायला नाही आलो,” अप्पा म्हणाले आणि त्यांनी वेळापत्रकावर सही केली.

दिवे लागले. निरंजन नेहमीच्या जागी येऊन उभा राहिला. त्या दिवशीचा संवाद साधाच होता. धाकट्याला बंगळूरला नोकरी लागली, एवढंच तात्यासाहेबांना सांगायचं होतं. निरंजनने हात जोडले आणि म्हणाला, “बाबा, धाकटा निघाला. तुम्ही असतात तर त्याला सोडायला स्टेशनवर गेला असतात.” त्याच्या खांद्यावरून रघुवीरला खुर्ची दिसत होती आणि खुर्चीत अप्पा. मांडीवर डबा ठेवून ते त्याच्याकडे बघत होते, बारकाईने, काटा स्थिर व्हायची वाट बघावी तसे. रघुवीरने श्वास धरला, पापणी धरली. पण डोळे भरलेच, आणि काचेआडून पाणी गालावर आलं.

कॅमेरामन तोच होता. त्याने फोटो धरला.

दिग्दर्शक आधी मॉनिटरवर वाकला आणि मग लगबगीने खुर्चीपाशी आला. “अप्पा, कमाल शॉट मिळालाय. पुन्हा नाही मिळणार असा. हाच ठेवू ना? प्रोमोला लावू.”

सगळा सेट खुर्चीकडे बघत होता. अप्पांनी भिंतीवरची नजर काढली नाही.

“नको,” ते म्हणाले. “तो पुसून टाका. कोणाला दाखवायचा नाही. त्याला पाणी द्या आणि पुन्हा घ्या.”

कोंडाळकरने शिडी लावली, काच उघडली, रघुवीरला पाणी पाजलं आणि काच आतून पुसली. मग शॉट पुन्हा घेतला.